वस्तीचा प्लॅन लोकांनीच केला तर कौन्सिल ऐकतं का?

प्रश्न: इंग्लंडमधल्या नेबरहुड प्लॅनबद्दल (वस्तीत कुठे काय बांधायचं हे रहिवासीच लिहितात तो) विचारतोय, एवढा खटाटोप करून शेवटी तो कपाटातच जाणार असेल तर कशाला?

उत्तर १: नाही हो, २०११ च्या लोकॅलिझम अ‍ॅक्टमुळे त्याला कायद्याचं वजन आहे. फोरमला, म्हणजे प्लॅन करणाऱ्या रहिवाशांच्या गटाला, किमान २१ जण लागतात, मग परीक्षक तपासतो, मग सार्वमत, पडलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त मतं बाजूने आली की बांधकाम परवानगी देताना कौन्सिलला तो विचारात घ्यावाच लागतो.

उत्तर २: आमच्या प्लॅनसाठी आम्ही वस्तीचा नकाशा भिंतीला लावून लोकांना महत्त्वाचं वाटेल तिथे टाचण्या टोचायला सांगितलं, तर झाडून सगळ्या पार्किंगवर! पोरांच्या खेळायच्या जागेवर फक्त एक. मीटिंगला येतात कोण, गाडीवालेच ना. मग शाळेच्या गेटवर उभं राहून विचारलं.

प्रश्नकर्ता: आणि नवीन घरं नकोतच असं लिहिलं तर?

उत्तर १: ते नाही चालत, कौन्सिलच्या स्वतःच्या लोकल प्लॅनपेक्षा कमी घरं धरता येत नाहीत.