इंजिन मागे नेण्याचं श्रेय
रेसिंग गाड्यांचं इंजिन ड्रायव्हरच्या मागे नेण्याचं श्रेय वर चर्चेत लोटस या ब्रिटिश रेसिंग कंपनीला दिलंय, ते मला पटत नाही. १९३० च्या दशकातल्या ऑटो युनियन या जर्मन कंपनीच्या रेसिंग गाड्यांचं इंजिनही मागेच होतं, पण युद्धानंतर ही रचना रुजवली ती कूपरनी. चार्ल्स कूपर आणि त्यांचा मुलगा जॉन, लंडनजवळच्या सर्बिटनमधलं बापलेकांचं गॅरेज!

१९४६ मध्ये त्यांनी फियाट टोपोलिनो या छोट्या इटालियन गाडीचे दोन पुढचे भाग जोडून ५०० सीसीची रेसिंग गाडी उभी केली. इंजिन मोटरसायकलचं, जॅप कंपनीचं. मागच्या चाकांना चेनने ताकद द्यायची, म्हणून ते मागेच बसवणं सोयीचं होतं. सिद्धांत वगैरे काही नव्हता, आणि मला हेच फार आवडतं.

मग १९५८ ची अर्जेंटिना ग्रां प्री, म्हणजे फॉर्म्युला वनची तिथली शर्यत. ब्रिटिश ड्रायव्हर स्टर्लिंग मॉस खाजगी संघमालक रॉब वॉकरच्या छोट्या कूपरमध्ये, इंजिन जेमतेम दोन लिटरचं. चाकं चार-चार नटांची, बदलायला वेळ खाणारी, त्यामुळे तो टायर बदलायला थांबलाच नाही. शेवटी टायर झिजून आतलं कापड (कॅनव्हास) दिसायला लागलं होतं, तरी फेरारीचा ड्रायव्हर मुसो याला २.७ सेकंदांनी मागे टाकून जिंकला. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत मागे इंजिन असलेल्या गाडीचा हा पहिला विजय. १९५९ आणि १९६० ला ड्रायव्हर जॅक ब्रॅबमने कूपरमधूनच जागतिक विजेतेपद मिळवलं. लोटसची मागे इंजिन असलेली पहिली फॉर्म्युला वन गाडी आली १९६० मध्ये.