ईपीएबीएक्सला बाहेरची लाइन जोडली, पण समोरच्याने कट केलं तरी ट्रंक सुटत नाही – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, ऑफिसात ३ ट्रंक (बाहेरच्या लाइनी) ८ एक्स्टेंशनचा (आतले फोन) जुना ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसचं छोटं टेलिफोन एक्स्चेंज, आहे. तांब्याच्या लाइनी गेल्या, फायबरचा डबा आला, त्याच्या फोन पोर्टमधून वायर काढून ट्रंक १ ला दिलीये. मी खरं तर अकाउंट्सवाला, पण "तुला कॉम्प्युटरचं कळतं ना" म्हणून हे माझ्या गळ्यात.

आधी तर वायर चुकून एक्स्टेंशनच्या पोर्टात घातली होती, सगळं मुकं. मीटर लावला तर दोन्हीकडे ४८ व्होल्टच्या आसपास, म्हणजे दोघेही देणारेच, घेणारा कोणीच नाही. क्रोनवर (फोनच्या वायरी जोडायच्या पट्टीवर) आधीच्या माणसाने एक अक्षर लिहिलेलं नाही, जोड्या शोधण्यातच दुपार गेली आणि वायर बसवताना नेमकी रिंग आली, बोटाला सणसणीत झटका!

आता इनकमिंग, आउटगोइंग, आवाज सगळं ओके. घोळ एवढाच की मशीन कॉल घेऊन ऐकवतं तो रेकॉर्डेड मेसेज ऐकता ऐकताच समोरच्याने कट केलं तर तरीही रिसेप्शनला रिंग जाते, उचललं की नुसतं टूं टूं टूं. रात्री उचलायला कोणी नसतं, मग ट्रंकचा लाल दिवा सकाळपर्यंत पेटलेला आणि बाहेरच्यांना लाइन एंगेज. कॉल चालू असताना मीटरवर ७ व्होल्ट दिसतात, कट झाल्यावरही ७ चे ७ च राहतात, हलत नाहीत. मशीन गेलंय की डबा?

उत्तर १:
दोन्ही ठणठणीत आहेत हो. समोरचा गेला हे ट्रंकला कळायला एकतर व्होल्टेज क्षणभर तुटावं लागतं, नाहीतर प्लस-मायनस उलटावं लागतं, नाहीतर बिझी टोन ओळखता यावा लागतो. तुमचा डबा फक्त टोन देतोय आणि मशीनला तो अनोळखी आहे. टोन मोबाइलवर रेकॉर्ड करून किती वेळ वाजतो किती वेळ गप्प ते मोजा, तेच आकडे ट्रंकच्या बिझी टोन सेटिंगमध्ये टाका. आणि रिंगचं व्होल्टेज एसी असतं, ७५ च्या आसपास, पुढच्या वेळी आधी डब्याकडचा प्लग काढा!

धागाकर्ता:
मोजलं, ३५० मिलिसेकंद वाजतो, ३५० गप्प. मशीनमध्ये ७५०-७५० होतं, ते बदललं तर चौथ्या-पाचव्या टूंला दिवा विझला! पण बाहेरचा कॉल ट्रंक २ वरून मोबाइलला फॉरवर्ड केला की दोन्ही ट्रंक अजूनही अडकतात, तिथे वेगळं सेटिंग असतं का?