प्रतिसाद: बांधावरच्या ऊनो बोर्डाला किती व्होल्ट द्यावेत

फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी अर्डुइनो ऊनो (आर३) या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या नियंत्रक बोर्डाच्या गोल सॉकेटला थेट जोडावी का, असे आपण विचारले आहे, आणि ७ ते १२ व्होल्ट चालतात हे वर मिळालेले उत्तर कागदोपत्री बरोबर आहे. तथापि लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना १४ व्होल्टच्या वर जाते आणि बोर्डावरील लिनियर रेग्युलेटर (विद्युतदाब ५ व्होल्टवर आणणारी चिप) ५ व्होल्टच्या वरचा सगळा विद्युतदाब उष्णतेत घालवतो. ओलाव्याचा सेन्सर आणि रिले (विजेवर चालणारा स्विच) मिळून २०० मिलिअँपिअर घेत असतील, तर १२ व्होल्टलाच सव्वा वॅटच्या आसपास उष्णता त्या लहानशा चिपमध्ये निर्माण होते; आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना कपाशीच्या बांधावरील बंद पेटीत ती बाहेर पडायला वावच नसतो, आणि तापलेला रेग्युलेटर पुरवठा तोडू शकतो.

माझे स्पष्ट मत असे की, मध्ये बक कन्व्हर्टर (फारशी उष्णता न करता विद्युतदाब कमी करणारे छोटे सर्किट) बसवून गोल सॉकेटला ७.५ व्होल्ट द्यावेत. कन्व्हर्टर नेमका ५ व्होल्टवर लावून ५ व्होल्टच्या पिनला जोडल्यास वीज आणखी वाचते, मात्र त्या वाटेवर उलट जोडणीपासून संरक्षण नाही, म्हणून मल्टिमीटरने मोजल्याशिवाय ती जोडणी करू नये.