रक्तकांचन की देवकांचन?

— एकाच झाडाला कुणी रक्तकांचन म्हणतं, कुणी देवकांचन. बरोबर कोणतं? आणि बी लावून येतं का?

— झाडं दोन आहेत, पण बोलण्यात नावांची सर्रास अदलाबदल होते. जांभळट फूल दिसलं की रोपवाटिकावाले दोन्हींपैकी तोंडाला येईल ते नाव ठोकतात. त्यामुळे नाव बाजूला ठेवा, फूल हातात घ्या आणि परागकोश असलेले लांब पुंकेसर मोजा. पाच निघाले तर बौहिनिया व्हेरिगाटा, म्हणजे रक्तकांचन. तीन, क्वचित चार, तर बौहिनिया पर्प्युरिया, म्हणजे देवकांचन. निदान मी तरी नावं अशी वापरतो. रक्तकांचनाच्या पाकळ्या रुंद, कडा एकमेकींवर चढलेल्या. देवकांचनाच्या अरुंद आणि सुट्या. पहिला वसंतात फुलतो, तेव्हा पानं बरीचशी गळलेली असतात. दुसरा हिवाळ्याच्या तोंडाशी, पानं अंगावर असताना. रक्तकांचनाचा एक प्रकार चक्क पांढरा फुलतो, तिथे ‘रक्त’ हा शब्द उघडाच पडतो!

पानावर मात्र जाऊ नका. टोकाशी दुभंगलेलं जोडपान दोघांचंही. अमरकोशात कोविदाराला, म्हणजे कांचनालाच, ‘युगपत्रक’ (जोडपानाचा) म्हटलंय ते त्यावरूनच. बौहिनिया हे प्रजातीचं नाव बौहिन या दोन वनस्पतिशास्त्रज्ञ भावांवरून आलंय, आणि वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनेही या जोडपानाचा संबंध त्या भावांच्या जोडीशी लावला.

— पण कांचन म्हणजे सोनं ना? मग फूल पिवळं का नाही?

— पिवळा कांचन निराळा, बौहिनिया टोमेंटोसा. झुडूपच ते, फूल घंटेसारखं खाली लोंबतं, आत बहुधा एक गडद तांबूस डाग.

आता लागवड. शेंगा तपकिरी होऊ लागल्या की उतरवून कागदी पिशवीत ठेवा. वाळल्यावर त्या पीळ घेऊन तडकतात आणि चपट्या बिया लांब उडतात, मग गोळा करत बसावं लागतं. ताजं बी रात्रभर भिजवून खोल पिशवीत लावा, कारण सोटमूळ लवकर खाली जातं. पुढे भरपूर ऊन हवं, बुडाशी पाणी साचता कामा नये. बियांचं रोप दोन-तीन वर्षांतही फुलू शकतं. छाटणी बहर ओसरल्या ओसरल्या उरका. उशीर केलात तर पुढच्या बहराच्या फांद्याच कापल्या जातात.

झाडाला फुलं भरपूर पण शेंग एकही नाही, असं असेल तर तो बहुधा हाँगकाँगच्या झेंड्यावरचा संकरित कांचन. त्याला बी धरत नाही. फांदी किंवा कलमच मागून आणा.