मेअखेरीस नॉर्वेला जाणे : डोंगरातले रस्ते तोवर उघडतात का?

काळीमाती

सर्वांना नमस्कार. आमची शेती दारव्हा तालुक्यात आहे. थोरली मुलगी आणि जावईबापू नॉर्वेत बर्गन येथे राहतात आणि त्यांनी आम्हा उभयतांना १८ मे ते ५ जून या काळात बोलावले आहे. मृग लागण्याआधी परतणे मला भाग आहे, कारण पहिला पाऊस पडून गेला आणि बियाणे घरातच राहिले तर वर्ष हातचे जाते. मुलगी सांगते की उन्हाळा सुरू झाला आहे, तर जावईबापू म्हणतात की डोंगरातले काही रस्ते अजून बर्फाखाली आहेत. आम्ही ऐन नवतप्याच्या तोंडावर ४५ अंशांतून निघणार असल्यामुळे या दोन गोष्टींचा मेळ लागत नाही. बर्गनहून ऑस्लोपर्यंत जाण्याचाही विचार आहे. तो गाडीने करावा की रेल्वेने, आणि कपडे कोणते घ्यावेत?

पश्चिमकिनारा

काका, मी मूळचा हिंगणघाटचा असून गेली काही वर्षे बर्गनमध्ये नोकरी करतो. आपली कन्या आणि जावई या दोघांचेही म्हणणे खरे आहे, कारण इथला ऋतू तारखेपेक्षा उंचीवर अधिक अवलंबून असतो. समुद्रकाठी मेअखेरीस दुपारचे तापमान १५ अंशांच्या आसपास आणि रात्री सात-आठ अंश असते. अटलांटिकमधील उबदार प्रवाहामुळे इथली बंदरे हिवाळ्यातही गोठत नाहीत, आणि हार्डांगरच्या फळबागा याच दिवसांत फुलतात. मात्र तिथून दोन-तीन तासांवरचे फिन्से हे रेल्वेस्थानक १,२२२ मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या चिखलदऱ्याहून शंभरेक मीटरच वर असूनही, ६० अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे जूनच्या आरंभी तिथे बर्फाचे मोठे पट्टे दिसतात.

जावईबापू म्हणतात ते रस्ते बहुधा आउरलँडच्या डोंगरावरचे किंवा सोग्नेफ्येलचे असावेत. हे रस्ते हिवाळाभर बंद असतात आणि बर्फ कापून मे-जूनमध्ये उघडतात. नेमकी तारीख दरवर्षी बदलते, म्हणून त्यांच्या भरवशावर सहल आखू नये. ऑस्लोला जाण्यासाठी मात्र त्यांची गरज नाही. आउरलँड आणि लार्डाल यांच्यामध्ये २४.५ किलोमीटर लांबीचा बोगदा २००० साली सुरू झाला, तो मुळात बारमाही वाहतुकीसाठीच खोदला गेला.

तरीही माझा कौल रेल्वेला आहे. साधारण सात तासांच्या प्रवासात फ्योर्ड (डोंगरांत खोलवर शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्या), जंगल, बर्फाळ माळ आणि पुन्हा हिरवी शेते असे सगळे खिडकीतूनच दिसते. वाटेत म्युर्डालला उतरून फ्लोमची गाडी घेतली तर ती २० किलोमीटरमध्ये ८६० मीटरहून अधिक खाली उतरते, आणि वितळत्या बर्फामुळे धबधबे याच काळात सर्वांत जोरात असतात. मार्गदुरुस्तीच्या दिवसांत काही टप्प्यांवर रेल्वेऐवजी बस असते, त्यामुळे तिकीट काढताना ते पाहून घ्यावे.

अचलपूरकर

आम्ही गेल्या वर्षी याच दिवसांत गेलो होतो. मी जाडजूड कोट नेला आणि पावसाळी पँट नेली नाही, याचा पश्चात्ताप पहिल्या दोन दिवसांतच झाला. बर्गनला वर्षाकाठी सव्वादोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे आपल्या दुपटीहूनही जास्त. मे हा त्यातला कमी पावसाचा महिना म्हणतात, पण रिपरिप असते आणि वाऱ्यात छत्री टिकत नाही. एकावर एक घालता येतील असे दोन पातळ लोकरी कपडे आणि वर रेनकोट पुरेसा होतो. तिथल्या हवामान अंदाजाच्या सेवेचे ‘यर’ हे नावच रिमझिम या अर्थाचे आहे, यावरून काय ते समजावे.

गाडीच्या बाबतीत माझे मत थोडे वेगळे आहे. हार्डांगरविड्डा पठारावरून जाणारा सात क्रमांकाचा रस्ता वर्षभर चालू ठेवतात आणि वाटेत मनाला येईल तिथे थांबता येते. फक्त तोवर गाड्यांना उन्हाळी टायर चढलेले असतात आणि माथ्यावर मेअखेरीसही हिम पडू शकते. तसा अंदाज असेल त्या दिवशी निघू नये.

काळीमाती

दोघांचेही आभार. जाताना रेल्वेने आणि येताना, हवा स्वच्छ असल्यास, जावईबापूंच्या मित्राच्या गाडीने, असे ठरवतो. एक शंका उरली आहे. सौभाग्यवतींना उजेडात झोप लागत नाही. तिकडे रात्र होते का?

पश्चिमकिनारा

बर्गनमध्ये जूनच्या आरंभी सूर्य रात्री ११च्या सुमारास मावळतो आणि पहाटे साडेचारच्या आत उगवतो, पण मधल्या वेळातही पूर्ण काळोख होत नाही. मध्यरात्रीचा सूर्य मात्र इथे दिसत नाही. त्यासाठी उत्तरेला ट्रोम्सोसारख्या ठिकाणी जावे लागते आणि तिथे तो साधारण २० मेपासून असतो. काकूंसाठी डोळ्यांवर बांधायला आपला सुती दुपट्टा अवश्य आणावा.