मदत हवी आहे : 'भ्रष्ट' म्हणजे नेमकं काय?

मंडळी, नववीच्या मुलांसाठी शब्दार्थांचा पाठ तयार करतेय आणि 'भ्रष्ट'पाशी अडले आहे. मूळ धातू 'भ्रंश्', म्हणजे खाली पडणे, ढळणे. स्थानभ्रष्ट, पदभ्रष्ट यांत तोच अर्थ. गीतेतल्या योगभ्रष्टाला तर पुढचा जन्म चांगल्या घरात मिळतो, म्हणजे तिथे पापाचा डाग नाहीच! मग 'भ्रष्टाचार' पैसे खाण्यापुरता कधीपासून उरला? कायदा 'भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८', पण महाराष्ट्रातला विभाग मात्र 'लाचलुचपत प्रतिबंधक'. एक दमडीही न घेता, केवळ ओळखीखातर खोटी साक्ष देणाऱ्याला तुम्ही भ्रष्ट म्हणाल की नीतिभ्रष्ट? आणि 'लुचपत'चा स्वतंत्र अर्थ काय? जुन्या लिखाणातली वाक्यं कुणाकडे असतील तर कृपया द्या, मुलांना प्रत्यक्ष वापर दाखवायचाय.