ग्रह आधी की देव? आणि वारांचा क्रम आला कुठून?

कंबरतलाव
सोलापुरातल्या एका वाचनालयात शाळेच्या मुलांसाठी 'ग्रह आणि देव' असा तक्ता लावायचा आहे. दोन ठिकाणी अडलंय. वारांचा क्रम ग्रहांच्या अंतराशी जुळत नाही, मग तो ठरला कसा? आणि पूर्वी ग्रह पृथ्वीच्या अगदी जवळ येत, लोकांनी भिऊन त्यांना देव मानलं, तिथून धर्म सुरू झाला, असं बऱ्याच ठिकाणी सांगतात. हे तक्त्यावर घ्यावं का? खंडोबाचा रविवार, तुळजाभवानीचा मंगळवार पाहता त्यात तथ्य वाटतं.

तिथीवार
वारांचं कोडं कागदावर सुटतं. डोळ्यांना दिसणारे सात 'ग्रह' संथ ते जलद असे लिहा: शनि (फेरी सुमारे 29.5 वर्षं), गुरु (सुमारे 12 वर्षं), मंगळ (687 दिवस), रवि, शुक्र, बुध, चंद्र (27.3 दिवस). शनिवारी सूर्योदयाची पहिली होरा (दिवस-रात्रीचा चोविसावा भाग, साधारण एक तास) शनीला द्या आणि क्रमाने पुढे जा. आठवी, पंधरावी, बाविसावी पुन्हा शनीची. तेविसावी गुरूची, चोविसावी मंगळाची. पंचविसावी म्हणजे दुसऱ्या दिवसाची पहिली होरा, ती रवीची. झाला रविवार. असंच मोजत गेलात की सातही वार ओळीने येतात. आर्यभटीयात (इ.स. 499) कालक्रियापादात हाच नियम आहे: शीघ्रक्रमाने (संथ ते जलद, स्वतःला धरून) चौथा तो पुढच्या दिवसाचा स्वामी.

आता होरेऐवजी घटका घेऊन पाहा. दिवसाच्या 60 घटका. एकसष्टावी येते शुक्राची, म्हणजे शनिवारनंतर शुक्रवार, मग गुरुवार, बुधवार... अख्खा आठवडा उलटा! म्हणजे हा क्रम दिवसाचे 24 भाग करणाऱ्या पद्धतीतूनच आला. मुलांकडून हे जरूर करून घ्या, पाच मिनिटांत होतं.

चुका दोन ठिकाणी होतात. मुलं शाळेतला सूर्यकेंद्री क्रम (बुध, शुक्र, पृथ्वी...) घेतात, त्यात चंद्र नाही आणि रवि मोजणीत नाही, म्हणून गणित बसत नाही. दुसरी चूक मध्यरात्रीपासून मोजण्याची. होरा सूर्योदयापासून धरायची, तीही सोलापूरच्या. कॅलेंडरवर मुंबईची वेळ असेल तर नुसत्या रेखांशाच्या फरकानेच आपला सूर्योदय साधारण 12 मिनिटं आधी येतो.

शुक्रोदय
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: घेऊ नका. शुक्रच पाहा ना. बाबिलोनच्या अम्मिसदूका राजाच्या काळातल्या, म्हणजे इ.स.पू. सतराव्या शतकाच्या आसपासच्या, शुक्राच्या 21 वर्षांच्या नोंदी मातीच्या पाट्यांवर आहेत. मूळ पाट्या गेल्या, निनवे या प्राचीन अश्शूरी राजधानीच्या ग्रंथालयातल्या नकला उरल्या. शुक्र कोणत्या महिन्याच्या कोणत्या दिवशी मावळला, किती दिवस दिसला नाही, केव्हा उगवला आणि त्याचा शकुन काय, असं लिहिलेलं आहे. नकलताना काही ओळी बिघडल्यात, पण चाल आजचीच: उदयापासून तशाच उदयापर्यंत सुमारे 584 दिवस, पाच फेऱ्यांत 8 वर्षं. तेव्हा शुक्र भलत्याच कक्षेत भटकत असता तर हा ताल सापडला नसता.

पंचांगातला शुक्राचा अस्त तोच. शुक्र आपल्या आणि सूर्याच्या मध्ये आला की साधारण आठवडाभर दिसत नाही, सूर्यापलीकडे गेला की सुमारे 50 दिवस. दाते पंचांग सोलापूरचंच, त्यातल्या उदय-अस्ताच्या तारखा मुलांना गच्चीवरून पडताळायला द्या. क्षितिजालगतचा मूठभर भाग (लांब केलेल्या हाताची मूठ म्हणजे साधारण 10 अंश) घरांनी झाकला असेल तर काही दिवसांची चूक पडेल, म्हणून मोकळं क्षितिज शोधा.

आगडोंब
'ग्रहांमुळे देव' हे सरसकट खरं नाही. मार्दुक आधी बाबिलोनचा नगरदेव, गुरु ग्रह त्याच्याकडे मागाहून आला. आपल्याकडे ऋग्वेदातला बृहस्पती हा मंत्रांचा स्वामी. वेदांगज्योतिषात तर गणित सूर्य, चंद्र आणि 27 नक्षत्रांचं, पाच ताराग्रहांचं (बुध, शुक्र, मंगळ, गुरु, शनि) नाहीच. उलट शनैश्चर म्हणजे हळू चालणारा, अंगारक म्हणजे निखारा, ही नावं आकाशात पाहूनच पडलेली. सुमेरची देवी इनान्ना मात्र फार आधीपासून शुक्राशी जोडलेली दिसते: सुमेरमधल्या उरुक शहराच्या इ.स.पू. 3000च्या सुमाराच्या पाट्यांवर सकाळची इनान्ना आणि संध्याकाळची इनान्ना असे उल्लेख आहेत. आणि धर्माचा उगम फक्त ग्रहांत शोधणं चुकीचं. तुर्कस्तानातल्या गोबेक्ली तेपे या प्राचीन स्थळाचे दगडी खांब या पाट्यांहून सहा हजार वर्षं जुने, त्यांवर कोल्हे, साप, गिधाडं कोरलेली आहेत.

कंबरतलाव
आभारी आहे. मग खंडोबाच्या रविवारचं काय लिहू?

तिथीवार
भारतात वाराचा तारखेसह उल्लेख असलेला जुना लेख म्हणजे मध्य प्रदेशातल्या एरणचा, गुप्त सम्राट बुधगुप्ताच्या काळातला: गुप्त संवत 165 (इ.स. 484), आषाढ शुद्ध द्वादशी, 'सुरगुरोर्दिवसे', म्हणजे गुरुवार. वार रुळल्यावरच देवांना वार मिळाले. खंडोबा मार्तंडभैरव, मार्तंड म्हणजे सूर्य, म्हणून सोलापूरच्या बाळे इथल्या खंडोबाच्या देवळात रविवारचं महत्त्व. तुळजाभवानीचा मंगळवार असला तरी ती मंगळ ग्रह नव्हे, हे तक्त्यावर स्पष्ट लिहा.

नवग्रह काढणार असाल तर वारांच्या क्रमाने ओळीत नकोत. रवि मध्यभागी, पूर्वेला शुक्र, आग्नेयेला चंद्र, दक्षिणेला मंगळ, नैर्ऋत्येला राहू, पश्चिमेला शनि, वायव्येला केतू, उत्तरेला गुरु, ईशान्येला बुध. राहू-केतूंना वार नाही, कारण ते दिसणारे गोल नसून चंद्रमार्ग जिथे सूर्यमार्गाला छेदतो ते बिंदू आहेत. त्यांचा रंग वेगळा ठेवा.